लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात केव्हा उतरावे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा आला आहे : गुडघ्याच्या लिगामेंटचे ऑपरेशन झाले आहे, आता खेळायला केव्हा लागू? पत्रे अमळनेर, शिरपूर, रावेर, नवापूर, चाळीसगाव अशी खानदेशाच्या सर्व बाजूंनी आली असून लिहिणाऱ्यांत कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुली आहेत, तालमीतल्या मल्लाचे वडील आहेत, पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण आहेत आणि क्रीडाशिक्षकही आहेत. म्हणून या महिन्याचे सदर मी संपूर्णपणे याच प्रश्नाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

आरंभी एक खुलासा करते. या पत्रांतील ‘लिगामेंट’ म्हणजे एसीएल, अर्थात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आतून तिरकस जोडणारा बळकट बंध. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा आतल्या आत फिरू नये, हे त्याचे काम. तो पूर्ण तुटला की सहसा पूर्ववत जुळत नाही. म्हणून दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून रुग्णाच्याच शरीरातील कंडरेचा, म्हणजे ज्याला आपण बोलताना शीर म्हणतो तिचा, तुकडा त्या जागी बसवतात. या तुकड्याला ग्राफ्ट म्हणतात, आणि पुढची सगळी चर्चा या ग्राफ्टभोवती व त्याला सांभाळणाऱ्या स्नायूंभोवती फिरणार आहे.

प्रश्न : मॅडम, मी बारावीत शिकते आणि कबड्डीत चढाई करते. चढाईहून परतताना अचानक दिशा बदलली आणि कोणाचाही धक्का नसताना डावा गुडघा सटकला. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागची शीर घेऊन लिगामेंट बनवले. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की सहा महिन्यांनी खेळता येईल. ऑगस्टमध्ये सहा महिने पूर्ण होतील. गुडघा दुखत नाही, सूज नाही, मी रोज सकाळी दोन किलोमीटर धावते. सप्टेंबरमध्ये जिल्हास्तरीय स्पर्धा आहेत आणि १९ वर्षांखालील गटातले हे माझे शेवटचे वर्ष आहे. सर म्हणतात, उतर. मी खेळू का? (अमळनेर तालुका)

उत्तर : सप्टेंबरच्या स्पर्धेत तू उतरू नयेस, असे माझे स्पष्ट मत आहे. हे वाचून तुला वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. शालेय स्पर्धांचे शेवटचे वर्ष, क्रीडा गुण, पुढे शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी असलेले ५ टक्के आरक्षण, हे सगळे तुझ्या आणि घरच्यांच्या मनात असणार आणि ते असणे रास्तच आहे. तरीही नकार का देते, ते नीट समजून घे, कारण यातले बरेचसे तुला अजून कोणी सांगितलेले नसावे.

तुझ्या गुडघ्यात बसवलेली शीर मुळात लिगामेंट नव्हती. मूळ जागेवरून काढल्याबरोबर तिचा रक्तपुरवठा तुटतो. सांध्यात बसवल्यावर आधी तिच्यातील पेशी मरतात, मग आसपासच्या भागातून नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी तिच्यात शिरतात, आणि हळूहळू तिची रचना लिगामेंटसारखी होत जाते. या प्रवासात पहिल्या काही आठवड्यांनंतर, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या सुमारास, ती सर्वांत कमकुवत असते. गंमत अशी की नेमके त्याच काळात दुखणे थांबते, चालणे सुधारते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटू लागते. पुढे ताकद वाढत जाते, पण ही घडण वर्षभरात संपत नाही, दुसऱ्या वर्षातही ती चालू असते. म्हणून ‘दुखत नाही’ या एका गोष्टीवरून ग्राफ्टच्या तयारीबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही.

आता महिन्यांचा हिशेब. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी १०६ रुग्णांवर दोन वर्षे लक्ष ठेवून २०१६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने पुढे ढकलले, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. १५ ते ३० वर्षे वयाच्या खेळाडूंवरील एका स्वीडिश अभ्यासात, २०२० साली, नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांमध्ये पुन्हा लिगामेंट तुटण्याचे प्रमाण नंतर परतलेल्यांच्या जवळपास सातपट आढळले. तुझे वय, तुझा खेळ आणि तुझे मुलगी असणे या तिन्ही गोष्टी यात महत्त्वाच्या आहेत. २५ वर्षांखालील जे खेळाडू शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळात उतरतात, त्यांच्यापैकी जवळपास चौघांतील एकाचे लिगामेंट दुसऱ्यांदा तुटते, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये मांडले गेले; आणि दुसऱ्यांदा तुटणारे लिगामेंट नेहमी ऑपरेशन केलेल्याच गुडघ्याचे असते असे नाही, साधारण तितक्याच वेळा ते दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याचे असते. कबड्डीत तर प्रत्येक चढाईत थांबणे, वळणे, उडी मारणे आणि कोणीतरी घोटा धरून ओढणे हे सारे काही क्षणांत घडते. सप्टेंबरमध्ये तुला सात महिने झालेले असतील. नऊ महिने नोव्हेंबरात होतील.

मात्र नोव्हेंबर उजाडला की उतर, असेही मी म्हणत नाही, आणि माझ्या दृष्टीने या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. नऊ महिने ही कमीत कमी मुदत आहे. त्या दिवशी परवानगी मिळते असे नसून त्या दिवसापासून परवानगीचा विचार करता येतो. परवानगी गुडघ्याने चाचण्या देऊन मिळवायची असते. वर सांगितलेल्या २०१६ च्या अभ्यासात चाचण्यांचे निकष पूर्ण न करता वळणा-उड्यांच्या खेळात परतलेल्यांपैकी ३८ टक्के जणांना पुन्हा दुखापत झाली, निकष पूर्ण करून परतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत राहिले. निकष पूर्ण करणाऱ्यांचा गट लहान होता, त्यामुळे या आकड्यांना काटेकोर मापासारखे धरू नये, पण त्यांची दिशा पुरेशी स्पष्ट आहे. त्याच वर्षी कतारमधील दोहा येथील क्रीडा रुग्णालयाने व्यावसायिक खेळाडूंवर केलेल्या अभ्यासातही निकष पूर्ण न करता उपचारांतून मोकळे होऊन खेळात परतलेल्यांचा ग्राफ्ट तुटण्याचा धोका चौपट दिसला.

या चाचण्या कोणत्या, ते सांगते. पहिली मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या ताकदीची. शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त आणि सर्वांत चिवटपणे खचतो तो हाच स्नायू. मोठ्या शहरांतील केंद्रांत यासाठी खास यंत्र असते. आपल्याकडे ते जवळपास नसले तरी हाताने दाबून मोजायचे साधे उपकरण काही फिजिओथेरपिस्टांकडे असते, आणि तेही नसेल तर व्यायामशाळेतल्या पाय सरळ करण्याच्या मशिनवर एकेका पायाने जास्तीत जास्त किती वजन उचलता येते, हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मोजता येते. मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकदही अशीच मोजावी, कारण तुझा ग्राफ्ट तिथूनच घेतलेला आहे. दुसरी चाचणी एका पायावरच्या उड्यांची : एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आळीपाळीने दोन्ही बाजूंना पडत मारलेल्या तीन उड्या, आणि सहा मीटर अंतर लंगडीने कापायला लागणारा वेळ. ऑपरेशन झालेल्या पायाची कामगिरी दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के असावी. समजा, उजव्या पायाने तू १५० सेंटिमीटर उडी मारलीस आणि डाव्याने १३०, तर डावा पाय ८७ टक्क्यांवर आहे, म्हणजे अजून नापास आहे. लंगडी खेळत मोठ्या झालेल्या मुलींना ही चाचणी सोपी वाटते आणि त्या घरीच अंगणात करून बघतात. कृपया तसे करू नकोस. पहिल्यांदा ही चाचणी फिजिओथेरपिस्टसमोरच दे.

या टक्केवारीत दोन फसव्या जागा आहेत. सहा-सात महिने सराव बंद असल्यामुळे तुझा उजवा पायही उतरलेला असतो, म्हणून दोन्ही पाय सारखेच कमजोर असले तरी उत्तर १०० टक्के येते. शस्त्रक्रियेपूर्वी उजव्या पायाची ताकद कोणी मोजून ठेवली असेल तर आजची तुलना त्या आकड्याशी करायला सांग. दुसरे असे की उडीचे अंतर बरोबर भरले, तरी शरीर गुडघ्याला वाचवून खुब्याकडून आणि घोट्याकडून काम करून घेत असू शकते. म्हणून अंतर मोजणाऱ्याने तुझ्या पडण्याकडेही पाहिले पाहिजे : गुडघा वाकतो का, की तू काठीसारखी ताठ पडतेस? गुडघा आतल्या बाजूला झुकतो का? कंबर एका अंगाला कलते का? मोबाइलवर समोरून आणि बाजूने चित्रण करून ते सावकाश पाहिले, तर तुला स्वतःलाही हे दिसेल. आणि शेवटी, ही सगळी परीक्षा ताज्या पायांनी एकदा आणि दमल्यावर एकदा द्यायला हवी, कारण डावाच्या शेवटच्या चढाईला तुझे पाय ताजे नसतात.

तू लिहितेस की डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. त्यांचे नेमके शब्द काय होते ते मला माहीत नाही, पण पुष्कळदा ‘सहा महिन्यांनी खेळाचा सराव सुरू करता येईल’ हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत ‘सहा महिन्यांनी खेळता येईल’ असे होऊन जाते. त्यांना पुन्हा भेट आणि वरच्या चाचण्यांबद्दल विचार. मी स्वतः या व्यवसायात नवी असताना खो-खो खेळणाऱ्या एका मुलीला, तिच्या स्पर्धेची तारीख डोळ्यांसमोर ठेवून, सात महिने पूर्ण होण्याआधी होकार दिला होता. तिचा गुडघा छान वाकत होता, ती वेगाने धावत होती, आणि मी ताकद मोजली नव्हती. तिसऱ्या सामन्यात तिचा ग्राफ्ट तुटला. ती पुन्हा खेळली नाही. त्या दिवसापासून मी आकडे पाहिल्याशिवाय कोणालाही मैदानात पाठवलेले नाही.

सप्टेंबरमध्ये तू संघासोबत जरूर जा. सराव कर, पण धरपकड नसलेला. पायांचे काम, बोनस रेषेकडे जाऊन परतण्याच्या हालचाली आधी निम्म्या वेगाने, एकटीने. आणि तुझा विद्यापीठाचा खेळ पुढच्या वर्षी सुरू होतो, हेही सरांना सांग.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा असून तालमीत कुस्ती करतो. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट बसवले आणि गुडघ्यातली गादीही (हाडांमधली कूर्चेची चकती) शिवली. लिगामेंट वाटीच्या खालच्या शिरेतून घेतले आहे. वस्ताद म्हणतात, “पोऱ्या चांगला पयी ऱ्हायना, आते काय बाकी शे?” (पोरगा चांगला पळतोय, आता काय बाकी आहे?) विनेश फोगट ऑपरेशननंतर सहा महिन्यांत जिंकली, असे मुलगा सांगतो. पुढच्या महिन्यात जवळच्या यात्रेत कुस्त्या आहेत. शिवाय केळीच्या बागेत त्याची मदत लागते. काय करावे? (शिरपूर तालुका)

उत्तर : विनेश फोगट यांच्याविषयी आपला मुलगा सांगतो ते खरे आहे. १७ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जयपूर येथे त्यांनी ५५ किलो गटात राष्ट्रीय सुवर्णपदक जिंकले. पुढे त्या पॅरिसलाही गेल्या. पण त्या वेळी त्या २९ वर्षांच्या होत्या, ऑलिंपिकची पात्रता हातची जाण्याचा प्रश्न होता, आणि दिवसाचे सगळे तास शरीर सावरण्यासाठी देता येतील अशी व्यवस्था त्यांच्यामागे होती. एवढे असूनही त्यांनी धोका पत्करलाच होता. तो धोका त्यांच्या बाबतीत प्रत्यक्षात उतरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुसरीकडे ऋषभ पंत यांचे उदाहरण घ्या. ३० डिसेंबर २०२२ च्या अपघातात त्यांच्या गुडघ्याची लिगामेंट्स फाटली आणि ते मार्च २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास पंधरा महिन्यांनी, पुन्हा यष्टीमागे उभे राहिले. त्यांची दुखापत अधिक मोठी होती हे खरे, पण साधने आणि घाई या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडेही होत्या. जे लवकर परतून जिंकले त्यांची नावे आपल्याला वर्तमानपत्रातून कळतात. जे लवकर परतले आणि ज्यांचा गुडघा कायमचा गेला, ते आपापल्या गावी असतात आणि त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. माझ्या खोलीत मात्र ते येतात.

आपल्या मुलाच्या बाबतीत तीन गोष्टी आणखी आहेत. गादी शिवलेली असल्यामुळे भार घेऊन गुडघा खोल वाकवण्यावर काही महिने बंधन असते. म्हणजे पूर्ण बैठका त्याने केव्हा सुरू करायच्या, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, वस्तादांच्या अंदाजाने ठरवू नये. ग्राफ्ट वाटीच्या खालच्या शिरेतून घेतल्यामुळे गुडघ्याच्या पुढच्या भागात, विशेषतः गुडघे टेकताना, दुखणे बराच काळ राहू शकते, आणि कुस्तीत गुडघे टेकल्याशिवाय गत्यंतर नाही. तिसरी गोष्ट डावांची. एकेरी पट काढताना प्रतिस्पर्धी नेमका पायच धरतो आणि शरीर वळत असताना पाय त्याच्या हातांत अडकलेला असतो. ग्राफ्टवर यापेक्षा वाईट ताण क्वचितच येत असेल. धावणे म्हणजे सरळ रेषेतले, ठराविक लयीचे काम आहे. मुलगा चांगला धावतो याचा आनंद मानावा, पण त्यावरून तो पटाला तयार आहे असे ठरत नाही.

म्हणून यात्रेतल्या कुस्त्या या वर्षी नकोत. वस्तादांना माझा निरोप द्या की मुलाला तालमीपासून तोडू नका, त्यांच्यासमोरच ठेवा. जोर, दोरावर चढणे, मानेचा आणि पाठीचा व्यायाम हे त्याला आता करता येईल. पुढे एकट्याने पवित्रा आणि पायांचे काम, मग नऊ महिने उलटून चाचण्या पूर्ण झाल्यावर प्रतिकार न करणाऱ्या साथीदाराबरोबर डावांचा सराव, मग हलकी लढत, आणि सर्वांत शेवटी पूर्ण ताकदीची कुस्ती, असा क्रम ठेवावा. प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवडे थांबावे. गुडघ्यावर सूज आली तर एक पायरी खाली यावे.

केळीच्या कामाबद्दल आपण विचारले हे बरे झाले, कारण हा प्रश्न दवाखान्यात कोणी विचारत नाही. ठिबकच्या नळ्या ओलांडत, ओल्या काळ्या मातीतून खांद्यावर घड घेऊन चालणे हे पाय घसरून गुडघा फिरण्याचे हमखास कारण आहे. अजून काही महिने त्याला घड वाहायला लावू नका. बसून किंवा सपाट जागेवर करायची कामे त्याने करायला हरकत नाही, मात्र उकिडवे न बसण्याचे बंधन तिथेही लागू आहे.

प्रश्न : नऊ महिने झाले नाहीत, पण एमआरआयमध्ये लिगामेंट व्यवस्थित दिसते. नी-कॅप घालून क्रिकेट खेळले तर चालेल का? (रावेर)

उत्तर : नाही. एमआरआयवर ग्राफ्ट जागेवर आणि अखंड दिसतो की नाही हे कळते. तो सामन्याचा ताण सोसेल का आणि आपले स्नायू त्याला साथ देतील का, हे त्या चित्रावरून ठरवता येत नाही. नी-कॅपने गुडघ्याला ऊब आणि मनाला धीर मिळतो, पण कापडी नी-कॅप नडगीला पुढे सरकण्यापासून रोखू शकत नाही. जास्त खर्चाचे पट्ट्यांचे ब्रेसही दुसरी दुखापत टाळतात असे खात्रीने दाखवता आलेले नाही. तोच खर्च फिजिओथेरपीच्या फेऱ्यांवर करावा.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले आहेत. ग्राफ्ट मांडीच्या मागच्या शिरेचा आहे. दोन महिन्यांनी मैदानी चाचणी होण्याची शक्यता आहे. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक करता येईल का? रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो. (नवापूर)

उत्तर : आपला प्रश्न कबड्डी-कुस्तीपेक्षा वेगळा आहे, कारण आपल्याला कोणी धरणार नाही आणि अचानक वळावेही लागणार नाही. सरळ रेषेत धावणे हे तुलनेने लवकर, बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, सूज नसेल आणि ताकद पुरेशी असेल तर सुरू केले जाते. त्यामुळे १६०० मीटरची आशा आपण ठेवू शकता. मला काळजी १०० मीटरची वाटते. पूर्ण वेगात मांडीच्या मागच्या स्नायूंवर सर्वांत मोठा ताण येतो आणि आपला ग्राफ्ट त्याच स्नायूंतून काढलेला आहे. तयारीशिवाय वेग घेतला तर लिगामेंट टिकले तरी मांडीचा स्नायू फाटू शकतो. वेग आठवड्याआठवड्याने वाढवा : आधी ताकदीच्या साठ टक्क्यांच्या अंदाजाने, मग सत्तर, मग ऐंशी, आणि आठवड्यातून दोनदाच. मागच्या स्नायूंची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आल्याचे मोजून घेतल्याशिवाय पूर्ण वेग घेऊ नका. गोळा फेकताना मागच्या पायावर शरीर फिरते. तो पाय शस्त्रक्रियेचा असेल तर आधी वळण न घेता, जागेवरून फेकण्याचा सराव करा.

डांबरी रस्त्याऐवजी शक्य असेल तर मातीच्या मैदानावर धावा, पण उन्हाळ्यात भेगा पडलेल्या काळ्या शेतातून अजिबात धावू नका. एका भेगेत पाय अडकला तरी पुरे. आणि दोन महिन्यांत ताकदीचे आकडे आले नाहीत, तर ही भरती सोडावी लागेल. ते सांगणे मला जड जाते, कारण वयाची अट आणि घरची वाट पाहणारी माणसे यांचा भार आपल्या पत्राच्या प्रत्येक ओळीत जाणवतो.

प्रश्न : माझ्या शस्त्रक्रियेला अकरा महिने झाले. ताकद आणि उड्या या दोन्ही चाचण्या ९० टक्क्यांच्या वर आहेत, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पण पाठलाग करताना खांबाजवळ आले की पाय आपोआप थांबतो. सूर मारायची हिंमत होत नाही. सगळे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. (चाळीसगाव, खो-खोपटू)

उत्तर : ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष कर. मनाची तयारी हा परतीच्या निर्णयाचा शरीराइतकाच खरा भाग आहे, आणि तो मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये बारा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती आज जगभर वापरली जाते. पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का, गुडघ्याचा विचार न करता खेळता येते का, असे प्रश्न तिच्यात असतात. एकोणसत्तर अभ्यासांतील साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती २०१४ मध्ये एकत्र केली गेली, तेव्हा असे दिसले की शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळात परतले, पण पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच पोहोचले आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. गुडघा चांगला असूनही मागे राहिलेल्यांत तुझ्यासारखी भीती असलेले पुष्कळ असतात. तू एकटी नाहीस.

पाय खांबाजवळच थांबतो, म्हणजे भीतीला जागा आहे आणि तिथूनच काम सुरू करता येते. मैदान रिकामे असताना खांबापर्यंत चालत जा, हाताने खांब धरून सावकाश वळ. दिवसाला वीस-तीस वेळा. मग हळू धावत. मग एक ओळखीची धावक पुढे ठेवून, तिला पकडायचे नाही असे ठरवून. सूर मारण्याचा सराव आधी मऊ मॅटवर, गुडघ्यांऐवजी छातीच्या आणि हातांच्या आधाराने पडायला शिकत कर. प्रत्येक टप्प्यानंतर भीती शून्य ते दहात किती वाटली ते वहीत लिही. आकडा तीनच्या खाली आल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नकोस. बहुतेक मुलींना यासाठी काही आठवडे लागतात. एवढे करूनही आकडा हलला नाही, झोपेत तो प्रसंग पुन्हा दिसत राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि चाचण्या उत्तम असूनही गुडघा खरोखर सटकल्यासारखा वाटत असेल, तर ती भीती समजू नकोस; डॉक्टरांकडून गुडघा पुन्हा तपासून घे.

प्रश्न : मी क्रीडाशिक्षक आहे. माझ्या संघातील एक मुलगी शस्त्रक्रियेनंतर परतणार आहे. अंतिम निर्णय कोणाचा असावा, आणि माझे काम नेमके काय? (पारोळा)

उत्तर : शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मुलगी स्वतः आणि तिचे पालक यांनी मिळून निर्णय घ्यावा, आणि त्यांच्यापैकी कोणी एकाने जरी ‘अजून नाही’ म्हटले तरी ते अंतिम मानावे. आपण मुलीला रोज पाहता, ती कशी पळते, कोणता पाय वाचवते, हे आपल्याइतके कोणाला दिसत नाही. ही माहिती आपण फिजिओथेरपिस्टला कळवावी. निर्णयाच्या वेळी स्पर्धेची तारीख मात्र मध्ये आणू नये. फिजिओथेरपिस्ट तालुक्याला नसेल तर धुळे किंवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारणा करा. रोज जाणे एसटीने परवडत नसेल, तर महिन्यातून दोन फेऱ्या आणि मधल्या काळात आपल्या देखरेखीखाली व्यायाम, अशी सोय मी कित्येकांची लावून दिली आहे आणि ती नीट चालते.

आपले दुसरे काम संपूर्ण संघासाठी आहे. लिगामेंटच्या बहुसंख्य दुखापती कोणाचा धक्का न लागता, उडीवरून पडताना किंवा वळताना होतात, आणि वयात येणाऱ्या मुलींमध्ये त्यांचे प्रमाण त्याच खेळातील मुलांपेक्षा जास्त असते. फिफाने २००६ मध्ये सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार केला. त्यात धावणे, एका पायावरचा तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि गुडघा आत न झुकू देता उडीवरून पडणे यांचा सराव असतो. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींच्या फुटबॉल संघांनी तो वापरल्यावर दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे २००८ मध्ये दाखवले गेले. त्याला साधने लागत नाहीत, आपल्या शाळेच्या मैदानावर तो उद्यापासून घेता येईल. नियमितपणा हीच त्यातली मुख्य अट आहे. महिन्यातून चारदा घेतलेल्या वॉर्मअपचा उपयोग होत नाही.

ती मुलगी परवानगी घेऊन आली की पहिले दोन आठवडे तिला धरपकड नसलेल्या सरावात ठेवा, मग पूर्ण सरावात, मग सराव सामन्यात. पहिल्या खऱ्या सामन्यात तिला शेवटपर्यंत ठेवू नका, ती दमायच्या आत बदली खेळाडू पाठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत आल्यावर तिचा गुडघा स्वतः पाहा. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरलेले दिसले, तर त्या आठवड्यातला पुढचा सामना तिला देऊ नका आणि फिजिओथेरपिस्टला फोन करा.